साडेचार मीटरची लाट कुणी पाहिली आहे?

मे महिना सरत आला की मुंबईत दोन याद्या निघतात. एक नालेसफाईच्या टक्केवारीची. तिच्यावर कुणीच विश्वास ठेवत नाही. दुसरी पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीच्या दिवसांची. तिच्यावर सगळे ठेवतात. दुसरी यादी छापून येते तेव्हा तिच्यावर ठरलेला मथळा असतो: यंदा अमुक इतके दिवस धोक्याचे, समुद्रात साडेचार मीटरपेक्षा उंच लाटा उसळणार. मग त्यातला पहिला दिवस उजाडला की वाहिनीचा वार्ताहर छत्री सावरत मरीन ड्राइव्हच्या कठड्याजवळ उभा राहतो आणि मागे काही उसळतंय का, ते वळून वळून बघतो.

यादी बरोबर असते, मथळा चुकीचा असतो. साडेचार मीटर ही लाटेची उंची नव्हेच. ती भरतीच्या पाण्याची पातळी आहे, आणि तीही तुमच्या पायाखालच्या रस्त्यापासून मोजलेली नाही. लाट वाऱ्यामुळे उठते आणि काही सेकंदांत येऊन फुटते. भरती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते, चढायला सहा तास घेते आणि उतरायला सहा. हौदात पाणी किती भरलंय हा एक प्रश्न झाला. त्यात पोरं किती दंगा करतायत हा दुसरा.

कुणी म्हणेल, शब्दांचा कीस कशाला पाडायचा? लाट म्हणा नाहीतर पातळी, लोक किनाऱ्यापासून लांब राहिले म्हणजे झालं. मला वाटतं, घोळ नेमका इथेच आहे, आणि तो वर्तमानपत्रापुरता नाही. हे शहर पाण्याच्या कडेने आणि आता पाण्यातच अब्जावधी रुपयांची बांधकामं करतंय. आणि ज्यांच्या पैशाने ती होतायत, त्यांना पातळी आणि लाट यांतला फरक कुणी सांगितलेला नाही. ज्याला हा फरक ठाऊक नाही, तो भिंतीबद्दल एकच प्रश्न विचारू शकतो: किती खर्च आला? ती कुठल्या लाटेसाठी बांधली, हे विचारायचं असतं याची त्याला कल्पनाच नसते.

आधी लांब राहण्याबद्दल. साडेचारच्या वरची भरती असलेल्या कितीतरी दिवशी ऊन पडलेलं असतं, वारा पडलेला असतो आणि समुद्र काठोकाठ भरून नुसता डुलत असतो. काही उसळत नाही. लोक बघतात, हसतात, पुढच्या इशाऱ्याकडे कानाडोळा करतात. उलट यादीत नसलेल्या दिवशी, भरती चारच मीटरची असताना, दूरवरच्या वादळाने ढकललेल्या लांब लाटा येतात आणि खडकावर फोटो काढत बसलेल्यांना ओढून नेतात. केरळात अशा अवचित येणाऱ्या समुद्राला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. त्या लाटा हजारो किलोमीटरवरच्या दक्षिण महासागरातून निघालेल्या असतात आणि किनाऱ्यावर वाऱ्याची झुळूकही नसते. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था त्यांचे इशारे वेगळे देते, लाटेचे म्हणून देते. आपण मात्र भरतीचा तक्ता वाचतो आणि त्याला लाट म्हणतो.

26 जुलै 2005 ची गोष्ट तर प्रत्येकाच्या घरात आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या दुपारच्या भरतीची पातळी होती 4.48 मीटर. पुन्हा वाचा. साडेचारला दोन सेंटिमीटर कमी. साडेचारची चाळण लावून काढलेल्या यादीत तो दिवस बसलाच नसता. त्या दिवशी मुंबई बुडाली ती लाटांनी नव्हे. वरून पडणारं पाणी खाली जाईना, कारण खाली समुद्र उभा होता. जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या, आणि तेही ओहोटी आहे असं धरून. भरती आली की पातमुखं, म्हणजे नाल्यांची समुद्राकडची तोंडं, पाण्याखाली जातात आणि नाला उलटा वाहू लागतो. हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला, क्लीव्हलँड बंदर इथे उदंचन केंद्रं बांधली ती यासाठीच. समुद्राचं दार बंद करायचं आणि आतलं पाणी पंपाने बाहेर फेकायचं. हा सगळा पातळीचा मामला आहे. तिथे लाट मोजून उपयोग नाही. आणि किनाऱ्याची भिंत लाटेनं फोडली, तर तिथे नुसती पातळी सांगून उपयोग नाही.

पातळीचंही एक गमतीदार प्रकरण आहे. भरतीच्या तक्त्यातला शून्य हा खलाशांच्या सोयीचा. मोठ्यात मोठ्या ओहोटीला पाणी जवळजवळ जिथवर उतरतं, तिथे तो धरलेला असतो. म्हणजे कप्तानाला नकाशावरच्या आकड्यापेक्षा पाणी सहसा कमी मिळू नये. मुंबईत समुद्राची सरासरी पातळी या शून्याच्या अडीच मीटर वर आहे. म्हणून साडेचारची भरती म्हणजे सरासरीपेक्षा दोन मीटर चढलेलं पाणी, एवढाच अर्थ. देशाचा नकाशा काढणारा सर्वेक्षण विभाग सरासरी समुद्रपातळीला शून्य म्हणतो. आणि पालिकेचा अभियंता नाल्याचा तळ मोजतो तो टाऊन हॉलच्या नावाने चालत आलेल्या तिसऱ्याच मापावरून. टाऊन हॉल म्हणजे आज जिथे एशियाटिकच्या पायऱ्यांवर लोक बसतात ती इमारत. एका शहरात तीन शून्य. तज्ज्ञ एकातून दुसऱ्यात आकडे बदलून घेतात, ते त्यांचं रोजचं काम आहे. पण मथळ्यातला साडेचार वाचून लालबागच्या तळमजल्यावरच्या माणसाने काय समजायचं? त्याला हवं ते एवढंच: आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या झाकणापासून समुद्र आज किती वर किंवा खाली असेल? हा आकडा सांगणं सहज शक्य आहे. तो कुणी सांगत नाही.

शाळेत आपण सगळेच हे शिकलो होतो, ही त्यातली खरी मौज. उधाणाची भरती व भांगाची भरती, फरक स्पष्ट करा, गुण दोन. सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत तेव्हा उधाण, काटकोनात तेव्हा भांग. पेन्सिलीने गोल काढले आणि विसरलो. आता मोबाइलवर ‘भरती’ शोधलं तर पोलीस भरती निघते आणि उधाण फक्त उत्साहाला येतं. गावठाणाच्या एका टोकाला मात्र हे शब्द अजून पोटाशी बांधलेले आहेत. वर्सोव्याची किंवा वरळीची कोळीण ‘आज भांग आहे’ म्हणाली की टोपलीत बोंबील का कमी, ते कळतं. डोलीचं जाळं एका जागी रोवलेलं असतं; ते ओढत न्यायचं नसतं, पाण्याचा ओढाच मासळी त्यात आणून घालतो. उधाणाला ओढा जोराचा, भांगाला मंद. ज्याचं पोट पाण्याच्या ओढीवर चालतं, तो भरतीला लाट म्हणणार नाही.

भरतीची वेळ काढायला कोकणच्या किनाऱ्यावर पंचांग आणि पाऊणकीचा पाढा एवढंच लागायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणकी सहा, म्हणून सहाला. दशमीला साडेसातला. 2005 च्या त्या जुलैत गुरुपौर्णिमा होती 21 तारखेला. 26 ला पाच दिवस झाले. पाच पाऊणकी पावणेचार, आणि भरती आली ती पावणेचार-चारच्या सुमारासच. ढग किती फुटेल ते त्या सकाळी कुणाला सांगता आलं नसतं, पण समुद्र दुपारी कधी दार लावून घेईल हे पाढे पाठ असलेल्या आजोबांना तोंडी सांगता आलं असतं. पाढ्याने नेमकी मिनिटं मिळत नाहीत, उंची तर मुळीच मिळत नाही. त्यासाठी गेटवेजवळच्या अपोलो बंदरावरचं भरतीमापक यंत्र आहे. 1878 पासूनच्या त्याच्या नोंदी म्हणजे या सबंध महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक ठेवा. गेटवेवर रोज हजारो लोक जातात आणि कबुतरांचे फोटो काढून परत येतात. तिथे एक पाटी लावून आजची पातळी दाखवावी, असं दीडशे वर्षांत कुणाला सुचलेलं दिसत नाही.

आता भिंतीकडे वळू, कारण पैसा तिथे जातो.

किनारा खचला की आपलं उत्तर ठरलेलं असतं: धूपप्रतिबंधक बंधारा. दगड टाका, दगड पुरले नाहीत तर टेट्रापॉड टाका. टेट्रापॉड ही चार पायांची काँक्रीटची वस्तू 1950 च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या जलशास्त्राच्या प्रयोगशाळेत जन्मली आणि मोरोक्कोत कासाब्लांकाजवळच्या वीजकेंद्रासाठी पहिल्यांदा वापरली गेली. तिची हुशारी वजनात कमी आणि फटींत जास्त आहे. पाय एकमेकांत अडकतात, मधल्या पोकळीत लाट शिरते, फिरते, दमते. सरळ उभ्या भिंतीवर लाट आपटली की ती दमत नाही, परत फिरते; येणारी आणि परतणारी मिळून भिंतीसमोर पाणी दुप्पट नाचतं आणि पायथ्याची वाळू उकरून नेतं. म्हणून टेट्रापॉड चांगलेच. पण मुंबईत कुणाला विचारा, ते किती वजनाचे हवेत हे कसं ठरतं? ‘मोठे असले म्हणजे झालं’ असं उत्तर मिळेल.

ते ठरतं लाटेच्या उंचीच्या घनावर. उंचीच्या प्रमाणात नव्हे, वर्गाच्याही नव्हे. लाट दुप्पट झाली तर दगड आठपट जड लागतो. लाट फक्त दहा टक्के वाढली तरी दगडाचं वजन तेहतीस टक्क्यांनी वाढवावं लागतं. आणि किनाऱ्याशी लाट किती मोठी होऊ शकते, ते बहुतेक वेळा वारा ठरवत नाही, पाण्याची खोली ठरवते. लाट साधारण खोलीच्या पाऊणपट उंच झाली की तिचा तोल जातो आणि ती फुटते. (इथेही पाऊणकीच!) म्हणून साडेचार मीटरची लाट न फुटता कठड्यापर्यंत यायची, तर कठड्यापाशी जवळजवळ सहा मीटर पाणी हवं. दादर चौपाटीवर अशी जागा दाखवा, मी मथळे लिहिणाऱ्यांची जाहीर माफी मागतो.

मग पातळीचा आणि लाटेचा काही संबंधच नाही का? आहे, आणि तोच फार महत्त्वाचा आहे. समजा, एखाद्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी भरतीला दोन मीटर पाणी असतं. तिथे फार तर दीड मीटरची लाट पोचेल. आता समुद्राची पातळी अर्धा मीटर वाढली असं धरा. या शतकाच्या अखेरीसाठी हा काही माथेफिरू अंदाज नाही, जागतिक अंदाजांच्या मधला आहे. खोली अडीच झाली. लाट पंचवीस टक्के मोठी होऊ शकते. सव्वाचा घन केला की दोनच्या जवळ जातो. म्हणजे समुद्र अर्धा मीटर चढला की त्याच जागी दगड जवळजवळ दुप्पट जड लागतो. अपोलो बंदराच्या जुन्या नोंदींवरून मुंबईची पातळी गेल्या शतकात वर्षाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढत आली. जगाची सरासरी गेल्या तीस वर्षांत त्याच्या चौपट वेगाने वाढते आहे. लोकांच्या डोक्यात समुद्र वाढणं म्हणजे पाणी हळूहळू कठड्यावरून रस्त्यावर येणं. त्याच्या कितीतरी आधी कठडाच हलेल. या हिशेबाला उच्च गणित लागत नाही, आठवीतलं पोर करेल. म्हणून तर चीड येते.

लाटेचा प्रवासही आपण किनाऱ्यापासूनच बघतो. दहा-दहा सेकंदांनी येणारी लाट खोल समुद्रात दीडशे मीटरहून लांब असते, आणि पाण्याची खोली तिच्या लांबीच्या निम्मी झाली की तिला तळ जाणवायला लागतो. मुंबई हायच्या तेलफलाटांपाशी, शहरापासून दीडशे-एकशेसाठ किलोमीटरवर, पाणी जवळपास तेवढंच खोल आहे. म्हणजे मरीन ड्राइव्हवर आपटणारी लाट तिथूनच जमिनीशी घासत येते. आपल्यासमोरचा खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा पाण्याखालचा तळ, फार रुंद आणि उथळ, म्हणून भरतीही इथे चढते. कोचीला ती मीटरभर, गोव्याला दोन-सव्वादोन, मुंबईला पाच, आणि खंबातच्या आखातात भावनगरला दहा मीटरपर्यंत. परदेशातल्या कुठल्याशा किनाऱ्याचं चित्र दाखवून ‘तिथे असं केलंय’ म्हणणाऱ्या सल्लागाराला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: तिथे पाणी किती चढतं-उतरतं?

वाळूचं तर कुणी नावच घेत नाही. पावसाळ्यातल्या उभ्या, घाईच्या लाटा चौपाटीची वाळू ओरबाडून थोडं आत नेऊन ठेवतात. दिवाळीनंतरच्या लांब, संथ लाटा ती परत आणतात. जुलैतली चौपाटी बघून ‘समुद्राने किनारा गिळला’ असं ठरवणं म्हणजे श्रावणात ताटात वांगी दिसत नाहीत म्हणून वांग्याचं पीक बुडालं म्हणण्यासारखं. खरी धूप ओळखायची तर वर्षानुवर्षं त्याच जागी, त्याच महिन्यात मोजावं लागतं. आणि भिंत बांधली की भिंतीमागचा रस्ता वाचतो, पुढची वाळू जाते, आणि भिंत जिथे संपते तिथल्या शेजाऱ्याच्या दारात समुद्र शिरतो. मद्रास बंदर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलं, तेव्हा दक्षिणेकडून येणारी वाळू अडली. मरीना चौपाटी रुंद झाली आणि उत्तरेचं रोयापुरम खचत गेलं. पुदुच्चेरीत हीच चूक शंभर वर्षांनी पुन्हा केली, आणि मग गेलेली चौपाटी परत आणायला 2018 मध्ये समुद्राच्या तळाशी पोलादी बांध बसवावा लागला. काही ठिकाणी भिंत लागतेच, हे मलाही मान्य आहे. मरीन ड्राइव्ह काढून टाकून तिथे वाळू अंथरा, असं कुणी म्हणणार नाही. पण भिंत हा रस्त्यासाठी चौपाटीचा बळी देण्याचा निर्णय असतो. मग तो उघड बोलून घेतला पाहिजे.

‘हे तज्ज्ञांचं काम, सामान्य माणसाने यात कशाला पडावं’ असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी बॅकबेच्या भरावाची आठवण देतो. 1920 च्या दशकात सरकारने 1,145 एकर जमीन समुद्रातून काढायचं ठरवलं. भिंत बांधायची, ड्रेजरने गाळ उपसून आत ओतायचा. गाळ मऊ निघाला आणि भिंतीच्या फटींतून समुद्रात परत जाऊ लागला. पैसेही त्याच्याबरोबर वाहिले. शेवटी काम 440 एकरांवर थांबलं आणि गव्हर्नर लॉइडच्या नावाने ते ‘लॉइडचा मूर्खपणा’ म्हणून ओळखलं गेलं. हे प्रकरण चव्हाट्यावर आणलं ते के. एफ. नरीमन यांनी. ते वकील होते, अभियंता नव्हते. योजनेवरच्या अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि नरीमन सुटले. आज त्या भरावाजवळच्या टोकाला त्यांचं नाव आहे आणि तिथल्या चकचकीत कचेऱ्यांत बसणाऱ्यांना ते कशासाठी, हे ठाऊक नाही.

फार जुनं वाटत असेल तर कोस्टल रोड घ्या. वरळीच्या कोळ्यांनी सांगितलं, पुलाच्या खांबांमधलं 60 मीटरचं अंतर आमच्या बोटींना पुरणार नाही. लाटेत बोट सरळ रेषेत चालत नाही, आडवी फेकली जाते. कागदावर 60 मीटर भरपूर होते. काम रोखून धरलं गेलं, वर्षं गेली, आणि अखेर ते अंतर 120 मीटर करायचं मान्य झालं. दुप्पट! तज्ज्ञ आणि ‘सामान्य’ यांच्यातला हा फरक शंभर टक्क्यांचा निघाला. तोच प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर?

म्हणून माझी मागणी साधी आहे. समुद्रात किंवा समुद्राकाठी सार्वजनिक पैशाने जे बांधलं जाईल, त्याच्यावर एक पाटी हवी. उद्घाटकांच्या नावांची तर असतेच, तिच्या शेजारी. तिच्यावर लिहा: ही भिंत किती उंचीच्या लाटेसाठी बांधली, भरतीची कुठली पातळी धरली, समुद्र किती वाढेल असं मानलं, आणि ती लाट किती वर्षांतून एकदा येईल असा हिशेब होता. शेवटचा आकडा फसवा असतो, म्हणून त्याच्याखाली आणखी एक ओळ हवी. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकलं की माणूस निश्चिंत होतो. पण अशी लाट पन्नास वर्षांच्या आयुष्यात एकदा तरी येण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. नाणं उडवण्यापेक्षा थोडंसंच बरं.

ही माहिती कुणाकडे नसते असं नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्र सरकारची जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, तिची सुरुवात 1916 ची. बंदरांच्या लहान प्रतिकृती करून त्यांच्यात खोट्या लाटा सोडून अशी बांधकामं तपासायचं काम तिथे पिढ्यानपिढ्या चाललंय. अहवाल असतात, कपाटात असतात. मी एकदा एका कचेरीकडे माहितीच्या अधिकारात एका बंधाऱ्याची गृहीत लाट विचारली. उत्तर आलं, मुदतीत आलं. त्यात बंधाऱ्याची लांबी होती, रुंदी होती, ठेकेदाराला दिलेली रक्कम पैशांपर्यंत होती. लाट नव्हती. बहुधा उत्तर देणाऱ्याला वाटलं असेल, लाटेचं काय, ती समुद्रात असते.

पाटी लावल्याने गुपित फुटतं, सुरक्षेला धोका होतो, असले आक्षेप येतील. पुलावर ‘कमाल भार इतके टन’ असं लिहितोच की आपण. लिफ्टमध्ये किती माणसं, ते लिहितो. आणखी एक आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: आकडे लिहिले की लोक ते हत्यारासारखे वापरतील, प्रत्येक काम कोर्टात जाईल. जाईल कदाचित. पण कोर्टात आजही कामं जातातच, फक्त तिथे खारफुटीवर आणि परवानगीच्या तारखांवर भांडण होतं. भिंत टिकेल का, यावर क्वचितच. कोस्टल रोडचं पुढचं पाऊल वर्सोव्यापासून उत्तरेला पडतंय, आणि पालघरला वाढवणच्या बंदरासाठी दहा किलोमीटर लांबीचा लाटरोधक घातला जाणार आहे. त्याने वाळू कुठे अडेल आणि कुठे जाईल, हा प्रश्न तिथल्या मच्छीमाराने विचारला तर त्याला विकासविरोधी म्हणायचं की अभियांत्रिकीचा पहिला धडा पाठ असलेला माणूस म्हणायचं?

पाटी लागायला वेळ लागेल, निविदा निघेल. तोवर मे महिन्यातली ती यादी तरी सुधारता येईल. तिच्यातला ‘लाट’ हा शब्द काढून ‘पातळी’ लिहावा, याला खर्च शून्य. शेजारी दोन रकाने वाढवावेत: त्या वेळी प्रत्येक विभागातली कुठली पातमुखं पाण्याखाली असतील, आणि इन्कॉइसचा लाटेचा अंदाज त्या दिवशी कुठे बघायचा. साडेचारची चाळणही काढून टाकावी आणि चारच्या वरचे सगळे दिवस छापावेत. यादी लांबेल, हरकत नाही. 26 जुलै तिच्यात बसेल.